डेंड्रिटिक पेशी तयार होतात, पण टी पेशी जाग्या होत नाहीत : नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.चा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शत्रूचे तुकडे दाखवून प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या पेशी, बनवायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशींचा अर्क द्यायचा आणि त्या टी पेशींना, म्हणजे शत्रूवर प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या पेशींना, चेतवतात का ते बघायचं. सातव्या दिवशी पेशींना फांद्या फुटलेल्या दिसतात, पेशी चेतल्याची खूण असलेलं सीडी८६ हे पृष्ठभागावरचं प्रथिन भरपूर येतं, पेशी पूर्ण पिकल्याची खूण असलेलं सीडी८३ मात्र तीस-पस्तीस टक्क्यांवर अडकतं. त्याच रक्तातल्या टी पेशी सोबत ठेवल्या तर तिसऱ्या दिवशी वाढ जवळजवळ शून्य. याला जोडून दुसरा प्रश्न : मामांचा गालाचा कर्करोग उलटलाय, एका केंद्राने ‘डेंड्रिटिक लस’ सुचवली आहे, ती घ्यावी का?

हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. तुमच्या प्लेटमध्ये जे अडलंय तिथेच हा उपचारही गेली तीस वर्षं अडखळत आला आहे. म्हणून आधी प्लेट, मग मामा.

तुम्ही विचारलंय, ‘सीडी८३ कसं वाढवू?’ तो प्रश्न दुय्यम आहे. डेंड्रिटिक पेशीला टी पेशीला एकाच वेळी तीन गोष्टी सांगायच्या असतात. शत्रू कोण, हे ती एचएलए या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या खाचेत बसवलेल्या पेप्टाइडमधून (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यातून) सांगते. धोका खरा आहे, हे सीडी८० आणि सीडी८६ सांगतात. आणि पुढे काय करायचं, हे आयएल-१२सारखं सायटोकाइन (पेशीपेशींमध्ये निरोप नेणारं प्रथिन) सांगतं, त्याच्याशिवाय सीडी८ टी पेशी चांगली मारेकरी बनत नाही. पहिली गोष्ट सांगितली आणि उरलेल्या दोन राहिल्या, तर टी पेशी नुसती गप्प बसत नाही, ती त्या प्रतिजनाकडे (शत्रूची ओळख पटवणाऱ्या त्या तुकड्याकडे) काणाडोळा करायला शिकते. २००१ मध्ये माधव धोडपकर, राल्फ स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना फ्लूचं पेप्टाइड लावलेल्या अपरिपक्व डेंड्रिटिक पेशी टोचल्या. त्या पेप्टाइडविरुद्ध आधीपासून असलेली टी पेशींची मारक ताकद वाढली नाही, उलट घटली. म्हणून अर्धवट पिकलेली पेशी ‘कमी परिणामकारक लस’ असते असं मानू नका. ती उलट्या दिशेने काम करू शकते.

तुमचे फ्लो सायटोमेट्रीचे (एकेका पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या तंत्राचे) आलेख पाहिल्याशिवाय एकच कारण ठामपणे सांगता येणार नाही. दात्यादात्यात फरक असतो, एकाच माणसाचं रक्त सर्दी-तापानंतर वेगळं वागतं, सीरमची बॅच बदलली की निकाल बदलतात. पण ज्या क्रमाने मी शोध घेईन तो क्रम देतो.

सुरुवात रक्तापासून. ५० मिली रक्तातून साधारण ५ ते ७.५ कोटी एककेंद्रकी पेशी मिळतात. त्यात मोनोसाइट १० ते २० टक्के आणि त्यातल्याही निम्म्याच डेंड्रिटिक पेशी म्हणून हाती लागतात. म्हणजे ५० मिलीतून ३० ते ५० लाख पेशी आल्या तर काम व्यवस्थित झालंय. रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा आणि चार-सहा तासांत वेगळं करा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मोनोसाइटच्या थरात मिसळतात आणि पुढचं सगळं बिघडवतात. रक्त तितक्याच पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) पातळ करून १.०७७ घनतेच्या फायकॉल या पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर हळूच सोडा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट बळाने) ३० मिनिटं ब्रेक बंद ठेवून फिरवा. नंतरच्या धुण्यात निदान दोन वेळा २०० जीवर १० मिनिटं फिरवा. हे मंद फिरवणं प्लेटलेट काढायला असतं आणि घाईत नेमकं तेच गाळलं जातं. प्लेटलेट राहिल्या तर मोनोसाइट नीट चिकटत नाहीत, शिवाय प्लेटलेट टीजीएफ-बीटा सोडतात, आणि ते डेंड्रिटिक पेशीला झोपवणारं रसायन आहे.

मोनोसाइट वेगळे करायचे दोन मार्ग आहेत. चिकटवण्याची पद्धत स्वस्त : सहा खणांच्या प्लेटच्या एका खणात १ कोटी पेशी, ३७ अंशांवर दीड-दोन तास, मग कोमट माध्यमाने हलक्या हाताने धुणं. माध्यम थंड असेल तर मोनोसाइटच सुटून निघून जातात. या पद्धतीत बी आणि टी पेशी थोड्याफार राहतातच. पैसे असतील तर मोनोसाइटवरच्या सीडी१४ या खुणेला धरणारे चुंबकीय मणी घ्या, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर जाते. तुमचा प्रकल्प टी पेशींची वाढ मोजण्याचा आहे, म्हणून निदान एकदा तरी मण्यांनी करून बघा. नाहीतर मोजलेली वाढ कोणाची, हा वाद परीक्षेत तुमच्याच गळ्यात पडेल.

कल्चर, म्हणजे प्लेटमध्ये पेशी वाढवणं, ही १९९४ मध्ये सालुस्टो आणि लांझावेकिया यांनी दाखवलेली वाट आहे, जगभर आजही तीच वापरतात. मोनोसाइट मिलीमागे ५ ते १० लाख ठेवायच्या, जीएम-सीएसएफ ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, आयएल-४ २० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिली. तिसऱ्या दिवशी अर्धं माध्यम बदला आणि नव्या अर्ध्यात सायटोकाइन दुप्पट घाला, म्हणजे एकूण प्रमाण राखलं जातं. डेंड्रिटिक पेशी तरंगतात किंवा नावापुरत्याच चिकटलेल्या असतात. काढलेलं माध्यम सिंकमध्ये ओतलंत तर अर्धं पीक गेलं. ते फिरवून तळाच्या पेशी परत प्लेटमध्ये सोडा.

पाचव्या-सहाव्या दिवशी, परिपक्व करण्याच्या आधी, एक नमुना फ्लोवर टाका. ही पायरी बहुतेक जण वाचवतात, आणि निदान तर इथेच होतं. सीडी१४ जवळजवळ गेलेलं, सीडी२०९ आणि सीडी११सी या डेंड्रिटिक पेशीवरच्या खुणा आलेल्या, एचएलए-डीआर मध्यम, सीडी८३ नाहीच, असं चित्र पाहिजे. यात दोन प्रकारचे बिघाड दिसतात.

पहिला, सीडी१४ तसंच आहे आणि पेशी तळाला घट्ट चिकटून तळलेल्या अंड्यासारख्या पसरल्या आहेत. त्या मॅक्रोफेज या वेगळ्या, गिळणाऱ्या पेशी बनण्याकडे गेल्या. इथे जवळपास नेहमी आयएल-४ कमी पडलेलं असतं. कुपी अनेकदा वितळवून गोठवलेली, किंवा वाहक प्रथिनाशिवाय फार पातळ करून ठेवलेली असते, आणि मग ते प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. नव्या कुपीचे आल्याबरोबर छोटे भाग करा, ०.१ टक्का अल्ब्युमिन घालून उणे ८० अंशांवर ठेवा, प्रत्येक भाग एकदाच वापरा.

दुसरा बिघाड जास्त फसवा आहे आणि तुमच्या वर्णनावरून माझा संशय याच्यावर आहे. परिपक्व करण्याआधीच सीडी८६ चढलेलं आणि सीडी८३ थोडं आलेलं असतं. विद्यार्थ्याला आनंद होतो, पण ही एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाची) खूण आहे. सीरममधून, पाण्यातून, जिवाणूंमध्ये बनवलेल्या प्रतिजनातून किंवा कर्करोगपेशींच्या अर्कातून अत्यल्प एंडोटॉक्सिन आलं की डेंड्रिटिक पेशी चुकीच्या वेळी अर्धवट जागी होते. मग खरा संकेत दिला तरी ती दाद देत नाही, आयएल-१२ बनवायची तिची वेळ उलटून गेलेली असते. सीडी८६ भरपूर, सीडी८३ अडकलेलं आणि टी पेशी थंड, हे त्रिकूट इथे चपखल बसतं. माध्यम, सीरम आणि अर्क यांची एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करून घ्या, मिलीमागे ०.१ एककाच्या खाली आकडा हवा. चाचणीला पैसे नसतील तर पॉलिमिक्सिन-बी हे एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं औषध घालून आणि न घालता दोन खण शेजारी ठेवा. पॉलिमिक्सिनने सीडी८६ खाली आलं तर एंडोटॉक्सिन आहेच. त्याच दिवशी मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या जिवाणूची) पीसीआर करा, विशेषतः अर्कासाठी वापरलेल्या सेल लाइनची. मायकोप्लाझ्मा असेल तर टी पेशींच्या वाढीचा कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

आता अर्क. गोठवणं-वितळवणं पाच-सहा वेळा, द्रव नायट्रोजन ते ३७ अंश, मग फिरवून आणि गाळून, प्रथिन मोजून ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. एकही पेशी जिवंत राहिली नाही हे ट्रायपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाने) तपासाच. अर्क परिपक्व करण्याच्या आधी द्यायचा असतो, कारण पिकलेली डेंड्रिटिक पेशी गिळणं बंद करून दाखवण्याच्या कामाला लागते. आठ ते नऊ अमिनो आम्लांची छोटी पेप्टाइडं मात्र सरळ पृष्ठभागावरच्या एचएलएमध्ये बसतात, म्हणून ती शेवटी, तास-दोन तास, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. हा क्रम उलटला तर सगळं करूनही पेशीच्या हाती टी पेशीला दाखवायला काही नसतं.

एक गोष्ट लोक मनावर घेत नाहीत. नुसत्या गोठवण्याने मारलेल्या पेशींचा अर्क डेंड्रिटिक पेशींना पिकण्यापासून रोखू शकतो. व्हीईजीएफ, आयएल-१०, टीजीएफ-बीटा अशी गाठीतली दडपणारी रसायनंही त्याच अर्कात असतात. म्हणून ‘अर्क नाही, परिपक्वता आहे’ हा एक खण ठेवाच. तिथे सीडी८३ ऐंशी टक्क्यांवर गेलं आणि अर्काच्या खणात पस्तीसवर थांबलं, तर दोष तुमच्या हातात नाही, अर्कात आहे. मात्रा निम्मी करा किंवा अर्काची वेळ चार तासांवर आणून धुऊन टाका.

परिपक्व करण्याचं मिश्रण निवडताना प्रत्येक जण काहीतरी कमावतो आणि काहीतरी गमावतो. १९९७ पासून चालत आलेलं प्रमाणित मिश्रण म्हणजे टीएनएफ-अल्फा १० नॅनोग्रॅम, आयएल-१बीटा १० नॅनोग्रॅम, आयएल-६ १००० एकक आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ १ मायक्रोग्रॅम, सगळं प्रति मिली, २४ ते ४८ तास. सीडी८३ सुरेख येतं. सीसीआर७सुद्धा येतं, आणि त्याच्याशिवाय पेशी लसिकाग्रंथीकडे चालत जात नाही. पण त्यातलं प्रोस्टाग्लँडिनच आयएल-१२ दाबतं. दिसायला देखण्या, चालायला तयार, आणि तिसरा निरोप देताना मुक्या अशा पेशी हाती येतात. दुसरा मार्ग म्हणजे एलपीएस (हे एंडोटॉक्सिनच, पण इथे ठरवून, योग्य वेळी दिलेलं) १०० नॅनोग्रॅम अधिक इंटरफेरॉन-गॅमा १००० एकक, किंवा २००४ मध्ये कॅलिन्स्की यांच्या गटाने मांडलेलं अल्फा-१ मिश्रण : टीएनएफ-अल्फा, आयएल-१बीटा, इंटरफेरॉन-अल्फा, इंटरफेरॉन-गॅमा आणि पॉली-आयसी (विषाणूच्या आरएनएची नक्कल). यात आयएल-१२ भरभरून येतं. तुमच्या प्रकल्पाला मारक टी पेशी हव्यात, तर मी दुसरा मार्ग घेईन आणि प्रमाणित मिश्रण तुलनेला शेजारी ठेवीन.

इथे वेळेचं महत्त्व फार आहे. एलपीएस दिल्यावर आयएल-१२ची लाट पहिल्या काही तासांत उठते आणि साधारण दिवसभरात ओसरते. अठ्ठेचाळीस तास ठेवलेली पेशी सीडी८३वर सगळ्यात छान दिसते, पण सांगायचं ते रिकाम्या प्लेटला सांगून थकलेली असते. मार्कर तासागणिक चढतात आणि क्षमता तासागणिक उतरते. म्हणून एलपीएसचा मार्ग घेतला तर सहा ते आठ तासांनी पेशी धुऊन टी पेशींबरोबर ठेवा, म्हणजे लाट त्यांच्यासमोर उठेल. सीडी८३साठी वेगळा खण २४ तास राहू द्या. फक्त फ्लोच्या आकड्यासाठी प्रयोग बेतला तर टी पेशींचा प्रयोग हमखास पडतो.

आयएल-१२ मोजताना पी७०, म्हणजे त्याचं पूर्ण, काम करणारं रूप, मोजणारंच किट घ्या. पी४० हा भाग पेशी कितीतरी पट जास्त सोडते आणि एकटा काही उपयोगाचा नसतो. पी४०चं किट वापरून ‘आयएल-१२ उत्तम’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध आहेत. त्याहून कसून तपासायचं तर पिकलेल्या पेशी धुऊन त्यांना सीडी४० लिगँड (टी पेशीकडून मिळणारा संकेत) द्या आणि पुढच्या २४ तासांतलं पी७० मोजा. शरीरात टी पेशी भेटल्यावर ही पेशी काय करेल, याचा सगळ्यात जवळचा अंदाज हाच.

फ्लोचीही एक खबरदारी. डेंड्रिटिक पेशींवर एफसी रिसेप्टर (प्रतिपिंडाची शेपटी पकडणारी प्रथिनं) असतात, त्यामुळे प्रतिपिंड कुठेही चिकटतं. दहा मिनिटं एफसी ब्लॉक, मेलेल्या पेशी वगळायला व्हायबिलिटी डाय, आणि सीमारेषा एफएमओ कंट्रोलवरून (एक रंग वगळून केलेल्या नमुन्यावरून). पेशी सोडवायला ट्रिप्सिन नको, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. २ मिलिमोलर ईडीटीए घातलेलं थंड पीबीएस, दहा-पंधरा मिनिटं, पुरतं. टक्क्यांसोबत मध्य तीव्रताही लिहा. पस्तीस टक्के सीडी८३ म्हणजे एक तृतीयांश पेशी पूर्ण पिकल्या की सगळ्याच थोड्याथोड्या पिकल्या, हे फक्त आलेखाचा आकार सांगतो, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. दोन वेगळे डोंगर असतील तर मिश्रण सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही किंवा दुसऱ्या पेशी मिसळल्यात. एकच डोंगर उजवीकडे सरकून मधेच थांबला असेल तर सगळ्यांनाच कुणीतरी अडवतंय, म्हणजे अर्क किंवा एंडोटॉक्सिन.

आता टी पेशींची चाचणी. मला वाटतं तुमचं निम्मं अपयश इथलं आहे आणि ते अपयशच नाही. तुम्ही त्याच माणसाच्या टी पेशी घेऊन तिसऱ्या दिवशी वाढ मोजलीत. एखाद्या कर्करोग-प्रतिजनाला ओळखणारी अनुभव नसलेली टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक असते. तुमच्या खणात दोन लाख टी पेशी असतील तर हवी ती पेशी तिथे असेलच याचीही खात्री नाही. असली तरी तीन दिवसांत एकाच्या आठ होतात, फ्लोला त्या दिसणार नाहीत. अशा प्रयोगाला १० ते १४ दिवस, आयएल-७ आणि आयएल-१५ प्रत्येकी ५ नॅनोग्रॅम प्रति मिली, खणांची संख्या जास्त, आणि शेवटी इंटरफेरॉन-गॅमाचा एलिस्पॉट (ते सोडणाऱ्या पेशी मोजणारी चाचणी) लागतो.

त्याआधी डेंड्रिटिक पेशी मुळात चांगल्या आहेत का, हे परक्या माणसाच्या टी पेशींवर तपासा. परक्या एचएलएला उत्तर देणाऱ्या टी पेशी मुबलक असतात, त्यामुळे पाच दिवसांत उत्तर मिळतं. टी पेशींना सीएफएसई (पेशी विभागली की निम्मा होणारा रंग) लावा, डेंड्रिटिक आणि टी यांचं प्रमाण १:१०, १:३० आणि १:१०० ठेवा. शेजारी नुसत्या टी पेशी, अपरिपक्व डेंड्रिटिकसोबतच्या टी पेशी आणि त्यांना थेट चेतवणारे सीडी३/सीडी२८ मणी लावलेल्या टी पेशी. १:१० ला परिपक्व आणि अपरिपक्व यांतला फरक बहुधा दिसत नाही, दोघीही वाढवतात. खरा फरक १:१०० ला उघडा पडतो.

पेप्टाइड वापरणार असाल तर दात्याचं एचएलए तपासा. बाजारातली बहुतेक तयार पेप्टाइडं ए*०२:०१ या एचएलए प्रकारासाठी आहेत. आपल्याकडे ‘ए२ पॉझिटिव्ह’ निघालेल्या माणसात ०२:११सारखा उपप्रकार असू शकतो, आणि मग पेप्टाइड खाचेत नीट बसेलच असं नाही. सायटोमेगॅलोव्हायरसचं एक पेप्टाइड कंट्रोल म्हणून ठेवा, आपल्याकडच्या प्रौढांपैकी बहुतेकांना हा विषाणू होऊन गेलेला असतो. तिथेही उत्तर शून्य आलं तर दोष डेंड्रिटिकचा, टी पेशींचा किंवा एचएलएचा. तिथे आलं आणि कर्करोगाच्या प्रतिजनाला आलं नाही, तर अडचण प्रतिजनाची.

म्हणजे पुढच्या फेरीत चार गोष्टी वाढवा : परिपक्व करण्याआधीचा फ्लो, अर्काशिवायचा खण, एंडोटॉक्सिनची चाचणी, परक्या टी पेशी १:१०० ला. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर एंडोटॉक्सिन.

आता मामांबद्दल. प्लेटमधला प्रत्येक अडथळा रुग्णात मोठा होतो. प्लेटमध्ये तुम्ही डेंड्रिटिक पेशी टी पेशींच्या शेजारी आणून ठेवता. रुग्णाच्या त्वचेत टोचलेल्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून कमी लसिकाग्रंथीपर्यंत पोचतात, बाकीच्या टोचल्या जागीच मरतात. हे सुधारायचे प्रयत्न झालेत. २०१५ मध्ये मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांत, आधी धनुर्वाताच्या टॉक्सॉइडने ती जागा चेतवली तर जास्त पेशी ग्रंथीकडे जातात, असं ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. पण तो अभ्यास लहान होता. पोचलेल्या पेशींनी टी पेशी तयार केल्या तरी त्या गाठीत शिरल्यावर पीडी-एल१ (टी पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन) आणि दडपणारी रसायनं त्यांना थांबवतात. शिवाय अनेक केमो घेतलेल्या रुग्णाचे मोनोसाइट निरोगी दात्याच्या मोनोसाइटइतके जोमदार नसतात.

मोठ्या चाचण्यांचा हिशेब असा आहे. अमेरिकेत २०१० मध्ये सिप्युल्यूसेल-टी हा पेशी-उपचार मंजूर झाला, पुर:स्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. ५१२ रुग्णांच्या चाचणीत मध्य आयुर्मान २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांवर गेलं, मात्र रोग वाढायला लागणारा वेळ बदलला नाही. तेही तुमच्या प्लेटसारखं सात दिवसांचं कल्चर नाही. रक्तातल्या एककेंद्रकी पेशी जोडप्रथिनाबरोबर दीड-दोन दिवस ठेवून परत देतात, असे तीन डोस, आणि तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर. पुढे त्याच रोगात मोनोसाइटपासून बनवलेल्या डेंड्रिटिक पेशींची ११८२ रुग्णांची चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला : आयुष्य वाढलं नाही. मेसोथेलिओमातली (फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगातली) तिसऱ्या टप्प्याची चाचणीही तशीच गेली. ग्लिओब्लास्टोमात ३३१ रुग्णांच्या चाचणीत १६.५ऐवजी १९.३ महिने असा फायदा दाखवला गेला, पण तुलना बाहेरच्या दुसऱ्या चाचण्यांतल्या रुग्णांशी होती आणि मुख्य निकष मधेच बदलला होता. मला त्यात रस आहे, पण मी त्याला पुरावा म्हणणार नाही.

केंद्रांच्या माहितीपत्रकात बहुधा स्टाइनमन यांचं उदाहरण येतं. १९७३ मध्ये झान्विल कोन यांच्यासोबत या पेशींना नाव देणारा हा शास्त्रज्ञ. २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर त्यांनी स्वतःवर डेंड्रिटिक लशी घेतल्या, चार वर्षांहून जास्त जगले, आणि ३० सप्टेंबर २०११ ला, नोबेल जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी गेले. त्यांच्याबद्दल मनात आदर आहेच. पण त्यांनी केमोसह बरेच उपचार एकत्र घेतले होते. एका माणसावरून कशाने फायदा झाला, हे सांगता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उलटलेल्या गालाच्या कर्करोगात कर्ज काढून, दागिने मोडून डेंड्रिटिक लस घेऊ नये. नोंदणीकृत चाचणीत मिळत असेल तर विचार जरूर करा. चाचणी खरी आहे का, हे सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक टाकून घरबसल्या दिसतं. चाचणीत तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा ‘ही चाचणी आहे’ आणि ‘इतके लाख भरा’ ही दोन वाक्यं एकाच टेबलावर आली तर उठून या.

तरी केंद्राशी बोलणारच असाल तर तुम्ही या विषयातल्या आहात, त्याचा मामांना उपयोग करून द्या. प्रतिजन कुठलं, मामांच्या गाठीतलं की तयार पेप्टाइड, आणि पेप्टाइड असेल तर मामांचं एचएलए तपासणार का? परिपक्व कशाने करता? प्रत्येक डोसबरोबर लेखी अहवाल देणार का, ज्यात जिवंत पेशींचं प्रमाण (सत्तर टक्क्यांखाली नको), सीडी८३, सीडी१४, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्मा आणि निर्जंतुकता असेल? पेशी गोठवून ठेवत असाल तर वितळवल्यानंतरचे आकडे कुठे आहेत? आणि यांच्यासारख्या किती रुग्णांची गाठ स्कॅनवर लहान झाली? ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

मुंबईत बनलेल्या पेशी-उपचाराची बातमी वाचून काही जण त्याच आशेने विचारतात. नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेला, २०२३ मध्ये मंजूर झालेला उपचार, बी पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. गालाच्या कर्करोगाला तो लागू नाही.

गालाच्या कर्करोगाला लागू पडणारा पुरावा टाटा मेमोरियलमधूनच आलेला आहे आणि तो पुरेसा लोकांपर्यंत पोचलेला नाही, याचं वाईट वाटतं. डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत तोंडाने घ्यायच्या मेट्रोनॉमिक (कमी मात्रेत, सतत चालणाऱ्या) गोळ्यांबरोबर निव्होल्युमॅब अगदी कमी मात्रेत, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, निव्होल्युमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्होल्युमॅबची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम असते, त्यावरून खर्चातला फरक लक्षात येईल. हे औषधही शेवटी शरीरातल्याच डेंड्रिटिक पेशींनी तयार केलेल्या टी पेशींवरचा ब्रेक काढतं. फक्त पेशी प्लेटमध्ये बनवून परत पोचवण्याची कसरत त्यात नाही.

मामांना ते चालेल का, हे त्यांची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन कधी संपलं, आधीची केमो कोणती होती, यकृत-मूत्रपिंड-थायरॉइडचे अहवाल कसे आहेत, संधिवातासारखा एखादा स्वप्रतिरक्षा आजार आहे का, आणि ते दिवसातला किती वेळ हिंडते-फिरते असतात यावर ठरेल. म्हणून पुढच्या ओपीडीला जाताना पहिल्या बायोप्सीचा कागद, पीडी-एल१ केलं असेल तर त्याचा अहवाल, शेवटचा स्कॅन सीडीसकट, आणि आजवरच्या प्रत्येक उपचाराची तारीखवार यादी बरोबर न्या, आणि ‘कमी मात्रेचं निव्होल्युमॅब यांना देता येईल का’ हा प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचारा.